खर्ज भरताना

मी मोटरी भरतो. पंखे, मिक्सर, सोसायट्यांचे पंप.
वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस, पत्र्याची शेड.
पाटीवर ‘म्हादलेकर वायंडिंग’,
त्यातला एक अनुस्वार पावसाने नेला.

एका दुपारी बाई आल्या. पिशवीतून वेटोळं काढून
टेबलावर ठेवलं. असं नवीन होईल का?
पोलादी तार, वरून तांबं,
वेढ्याला वेढा लावून, काळं-हिरवं पडलेलं.
नखाने खरवडलं तर फटींतून मळ निघाला,
कानातल्यासारखा.
म्हटलं, कुठल्या मोटरचं?
म्हणाल्या, पियानोचं.

पेनिना झिराडकर. चरई, दुसरा मजला.
भिंतीला पाठ लावून उभा तो पियानो,
वर औषधांचा डबा, पंचांगासारखं एक हिब्रू कॅलेंडर.
त्यांनी डाव्या हाताची करंगळी टेकवली:
ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज.
हा पूर्वी जिना उतरून वाण्यापर्यंत जायचा, म्हणाल्या.

पहिली तार मी वाया घालवली.
माझं तांबं इनॅमलचं. मोटरीत
वेढ्याने वेढ्याला शिवायचं नाही, हा तिथला सोवळा धर्म.
इथे उलटं. नागडं तांबं हवं,
पोलादाला चावून बसलेलं, नाहीतर तार बोलत नाही,
नुसती फुरफुरते, मिशीत हसल्यासारखी.
भिवंडीहून उघडी तार आणवली.
गाभ्याची टोकं हातोडीने चपटी केली,
लेथवर ताणली. तिलकधारी वेग सांभाळतो,
मी चामड्याच्या तुकड्यात तांबं धरून
डावीकडून उजवीकडे सरकतो, श्वास न सोडता.
शेडमध्ये बाकी सगळे पंप वाट बघत.

चव्वेचाळीस तारा.
एका वेळी एकच काढायची, त्यांनी बजावलं,
सगळी ओढ एकदम गेली तर लोखंडसुद्धा भांबावतं.
जुनी उतरवायची, नवीला अंगचा एक पीळ द्यायचा,
मग खिळ्यात अडकवायची, खुंटीला तीन वेढे.
शनिवारी नको. शनिवारी मी दिवाही लावत नाही.
म्हणून रविवार. सहा रविवार.
नवी तार बसते आणि बुधवारपर्यंत ढिली पडते,
पुन्हा ओढा, पुन्हा पडते.
नव्या पोराला कामाची सवय लागावी तसं.

चौथ्या रविवारी मी विचारलं,
वरच्या बारीक तारांचं काय? त्याही गंजल्यात.
त्या हसल्या. वरचं मला ऐकूच येत नाही हो.
आधी चिमण्या गेल्या, मग कुकरची शिट्टी,
मग फोनवर नात. तिचा आवाज बारीक आहे.
खालचं तेवढं उरलंय.
आणि करंगळी टेकवली.
तार बोलली. आधी लाकूड बोललं, मग फरशी,
मग माझ्या टाचा.
त्यांनी तळहात पियानोच्या कडेवर ठेवलेला,
ताप बघावा तसा.

मला गाण्यातलं कळत नाही.
पण वरच्या बाजूला येताना एका पट्टीपाशी थांबवलं त्यांना.
हा आवाज मला माहीत आहे.
रोज ऐकतो.
हा? हा ‘जी’, त्या म्हणाल्या. कुठे ऐकता?
सांगायला लाज वाटली.

जुन्या तारा भंगारात दोन किलो तीनशे भरल्या.
पैसे त्यांनी मोजून घेतले, एक नोट फाटकी म्हणून परत केली.
तार एक मी ठेवलीये, पहिली, फुकट गेलेली.

रविवारी रात्री शेडची किल्ली विसरली म्हणून गेलो.
रस्ता रिकामा. कोपऱ्यावर जाळीतला ट्रान्सफॉर्मर
घरघरत होता, वीस वर्षं घरघरतोय.
उभा राहिलो. हाच तो. पण नाही,
केसभर चढा आहे.
जाळीत हात घालून
खुंटी शोधावीशी वाटली.